अडतीस जबाब

ओतूरच्या पेठेत कन्हैयालालशेठचं कापडाचं दुकान आहे. त्या दुकानाच्या वरच्या खोलीला शेठच्या घरचे अजून गाठोड्यांची खोली म्हणतात, कारण पूर्वी तिथं धोतरजोड्यांची गाठोडी छतापर्यंत रचलेली असायची. गेली सहा वर्षं तिथं एका छोट्या संस्थेचं कार्यालय आहे. दोन टेबलं, तीन खुर्च्या, भिंतीला वाड्यांचे नकाशे, आणि कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलेलं एक मशीन. त्या मशीनपाशी गोरख बसतो.

गोरख चाळिशीचा. डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरातला, भात-नाचणी करणाऱ्या घरातला. आश्रमशाळेत शिकला, ओतूरच्या कॉलेजात सायन्सची दोन वर्षं काढली, तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून एका दुकानात कॉम्प्युटर जुळवायला लागला. मशीन उघडायच्या आधी हात धुवायचा, उघडल्यावर कुणाशी बोलायचा नाही, आणि झाकण लावून झालं की एकदाच म्हणायचा, "बघा आता." पेठेतले दुकानदार त्याला या दोन शब्दांवरूनच चिडवतात. कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नसली तरी म्हणतात, "गोरखला बोलवा, तो नुसतं 'बघा आता' म्हणला तरी चालू व्हती."

पण त्या मंगळवारी सकाळपासून गोरखच्या तोंडून हे दोन शब्द निघालेच नव्हते.

संस्था जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या अकरा वाड्यांसाठी वनहक्काचे दावे चालवते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर मात्र जंगलाची. ती कसणाऱ्याच्या नावे व्हावी यासाठीचे दावे. या डोंगरातल्या माणसाकडे सातबारा कुठून असणार? त्यामुळे वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब हाच मोठा पुरावा. 'मी लहान होतो तेव्हापासून या माणसाच्या बापाला या खाचरात भात लावताना बघितलंय' असं कुणीतरी सांगायचं, त्याखाली अंगठा द्यायचा. मंगलताई ही संस्थेची कार्यकर्ती. तिनं चार वर्षं डोंगर चढून असे अडतीस जबाब गोळा केले होते. मूळ कागद खोलीतल्या लाकडी कपाटात वाळवीनं खाल्ले. त्याआधी गोरखनं ते स्कॅन केले होते म्हणून वाचले. प्रत्येक जबाबाचं त्यानं एकेक बंद पाकीट बांधलं होतं: कागद, जमिनीचे फोटो, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, सगळं एकत्र, कुलूप घालून. एक प्रत कोपऱ्यातल्या मशीनवर आणि दुसरी लांबच्या एका भाड्याच्या सर्व्हरवर.

शनिवारी दुपारी पेठेतली वीज गेली. आली ती दणका देऊनच आली. शेठच्या दुकानातल्या दोन ट्यूब फुटल्या. वर गोरखच्या मशीनमधून अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा आवाज यायला लागला आणि दहा मिनिटांत थांबला. डिस्क गेली होती. गोरख रविवारी नारायणगावला जाऊन नवी डिस्क घेऊन आला, खोलीतली सगळी वीज बंद करून ती बसवली. जबाब मात्र आता एकाच ठिकाणी उरले होते, लांबच्या सर्व्हरवर. आणि त्या सर्व्हरची मुदत मंगळवारी संध्याकाळी सहाला संपत होती. ज्या प्रकल्पातून तो मिळाला होता तो प्रकल्पच संपला होता. सूचना जुलैतच आली होती. तेव्हा मशीनवरची प्रत धडधाकट होती, म्हणून गोरखनं ती सूचना वाचून बाजूला ठेवली होती.

सहानंतर तिथलं सगळं पुसलं जाणार, आणि शुक्रवारी दाव्यांची सुनावणी.

एवढं असूनही रविवारी तो फारसा घाबरला नव्हता. लांबच्या सर्व्हरला हाक मारायची, पाकिटं मागवायची, झालं. त्यानं हाक मारली. पडद्यावर उमटलं, जोडणी होऊ शकली नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग त्यानं अशा वेळी कुणीही करतो ते केलं. भिंतीवरची फायरवॉलची पेटी बंद केली, दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केली. ही पेटी म्हणजे बाजार समितीच्या गेटवरचा वॉचमन. आत कोण येतंय, बाहेर कोण जातंय, ते बघून सोडणार किंवा अडवणार. वॉचमनला झापड आली असेल तर जागा होईल, असा हिशेब. वॉचमन जागा झाला, हिरवा दिवा लागला, जोडणी मात्र झाली नाही.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी सकाळी आठला तो आला आणि चप्पल काढायच्या आधी पेटी बंद करून चालू केली. मग इंटरनेट देणाऱ्या माणसाला तिसऱ्यांदा फोन लावला.

"साइटी उघडत्यात का?" तो माणूस म्हणाला.

"उघडत्यात."

"यूट्यूब चालतंय?"

"चालतंय की."

"मंग लाइन वाहती हाय, भाऊ. तुमच्या पेटीतच काय तरी असंल."

"पेटी काढून वायर सरळ मशीनला लावली, तर काहीच चालंना."

"कसं चालंल? आमची लाइन त्या पेटीलाच वळखती. दुसरं काय लावायचं तर अर्ज द्या, दोन दिसांत करतो."

"माझ्याकडं आज सहापतुरच टाइम हाय."

"मंग आधी नव्हतं का सांगायचं?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मोबाइलच्या इंटरनेटवरून जावं, तर लांबचा सर्व्हर फक्त ओतूरच्या या एका पत्त्यालाच दार उघडायचा. बाकी कुणी कितीही ठोठावलं तरी उघडायचा नाही. ही तजवीज गोरखचीच. गरिबांचे कागद आहेत, कुणी हात घालायला नको, म्हणून त्यानंच हौसेनं करून घेतली होती. ती बदलायची तर संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र हवं, आणि वर तीन दिवस. पेटी पार कोरी करून नव्यानं लावावी, तर सर्व्हरनं दिलेली किल्ली त्या पेटीतच. कोरी केली तर तीही जायची. मुदत वाढवून मागायची, तर सर्व्हरवाल्यांकडच्या ज्या बाई ते करू शकत होत्या त्या गुरुवारपर्यंत रजेवर. त्यांच्या मेलवरून आपोआप येणारं गोड उत्तर गोरखला आता पाठ झालं होतं.

दुपारी बाराला मंगलताईचा घोडेगावाहून फोन आला. "गोरखभाऊ, निघाले का जबाब? वकीलसाहेब इचारतायत."

"लागलोय."

"कवापासून लागलायत! हो का न्हाई ते सांगा."

गोरखनं फोन कानाशी धरूनच पुन्हा हाक मारली; पडद्यावर तेच उमटलं. मंगलताई आवाज खाली आणून म्हणाली, "त्यातली निम्मी माणसं आता न्हाईत हो. तुमचा बापच घ्या की."

भागू, गोरखचा बाप, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा जबाब शेजारच्या चार घरांसाठी होता. मंगलताईनं टोचायला म्हटलं नव्हतं, पण गोरखला टोचलं. त्यानं डबा उघडला, भाकरीचा एक घास घेतला आणि डबा बंद केला. जया, त्याची बायको, हल्ली डब्यात लसणाची चटणी जास्त घालायची, कारण तो काळजीत असला की भाजी तशीच परत यायची. आज चटणीही तशीच राहिली.

पेटीतले नियम त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचले. एकूण तेवीस. कुठला दरवाजा उघडा, कुठला बंद. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, पाढे म्हटल्यासारखे. सगळे बरोबर होते. एक वाजता पेटी बंद-चालू. दोन वाजता बंद-चालू. तीन वाजता बंद-चालू. त्याच्या हाताला आता ते वळणच पडलं होतं. देवाला हात जोडावेत तसा तो वायर ओढायचा. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. खाली शेठ गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस दाखवत होते. त्यांचं ते सावकाश "हा बघा, हा बघा" ऐकून गोरखला रडू यायला लागलं.

साडेतीनला त्यानं सर्व्हरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर पुन्हा फोन लावला. यापूर्वी पाच वेळा पाच वेगवेगळ्या आवाजांनी त्याला हिंदीतून 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' असं सांगितलं होतं. या वेळी फोनवर अंकित नावाचा एक जण आला, आणि तो मराठी बोलला. गोरखनं सगळी कहाणी एका दमात सांगितली.

अंकित म्हणाला, "भाऊ, तुम्ही पुन्हा एकदा हाक मारा. मी इकडून बघतो." गोरखनं मारली. "नाही, आमच्या दारापर्यंत तुमचं कुणी येतच नाहीये. तुमच्या फायरवॉलच्या नोंदी उघडा आणि शेवटची ओळ मला वाचून दाखवा. आहे तशी. काही गाळू नका."

"शून्य शून्य, एक्केचाळीस, बारा. बाहेर, नाकारले..."

"थांबा. हे रात्री पाऊणच्या सुमाराचं आहे. मला आत्ताचं हवंय."

"आत्ताचंच वाचतोय राव. आत्ता हाक मारली तवाच उमटली ही वळ."

"आत्ता दुपारचे तीन एक्केचाळीस झालेत, भाऊ."

"बरं मंग?"

"मग तुमच्या पेटीत मध्यरात्र कशी?"

गोरखनं ओळीच्या सुरुवातीला नजर नेली. नोंदीतला हा वेळेचा रकाना त्यानं तीन दिवसांत पाहिलाच नव्हता. 'नाकारले' हा शब्द वाचला की त्याचे डोळे तिथंच अडकायचे. त्यानं वरच्या ओळी बघितल्या. दुपारी दोनला बंद-चालू केल्यावर शून्य शून्य. एकला केल्यावर शून्य शून्य. पेटीतलं घड्याळ जिवंत ठेवणारा छोटा सेल शनिवारच्या दणक्यात गेला होता. पेटी बंद करून चालू केली की तिच्या लेखी नव्यानं मध्यरात्र व्हायची.

"पण वेळ चुकली म्हणून कुणी अडवत नाही," अंकित म्हणाला. "तुमच्याकडं रात्रीसाठी काही वेगळा नियम आहे का?"

गोरखनं कपाळावर हात मारला. इतक्या जोरात, की तो आवाज पलीकडे अंकितलाही गेला.

नियम होता. सतरावा. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं घातलेला.

तेव्हा सर्व्हरवर पाकिटं पाठवायचं काम रोज संध्याकाळी सातला व्हायचं. इंटरनेटची लाइन शेठच्या घरची, घर आणि कार्यालय मिळून एकच. त्याच वेळी शेठच्या पत्नी उगमबाई खाली महाराजसाहेबांचं प्रवचन मोबाइलवर लावायच्या, आणि महाराजसाहेब मध्येच तोंड उघडं ठेवून थांबायचे. चार दिवस त्यांनी सोसलं, पाचव्या दिवशी जिना चढून वर आल्या. "काय चाललंय रे या टायमाला?" त्यांनी विचारलं. गोरखनं सरळ सांगितलं, लोकांचे कागद बाहेर पाठवतोय. त्यावर उगमबाई प्रवचनाचं विसरूनच गेल्या.

"दिवे लागल्यावर? आरं, दिवे लागल्यावर आपण शेजारणीला दही देत न्हाई, मीठ देत न्हाई, सुई देत न्हाई. अन् तू गरिबाच्या जमिनीचे कागद घराबाहेर काढतो?"

दुसरा कुणी हसला असता. गोरख हसला नाही. त्याची आईही तिन्हीसांजेनंतर घरातलं विरजण कुणाला द्यायची नाही. शेजारीण दारात आली तरी "उद्या उजाडल्यावर ने गं" म्हणायची. आणि घर उगमबाईंचं, लक्ष्मी त्यांची. त्यानं पाठवायचं काम दुपारवर आणलं आणि पेटीत नियम घातला: संध्याकाळी साडेसहापासून सकाळी सहापर्यंत या घरातून काही बाहेर जायचं नाही, साध्या साइट बघण्याखेरीज. संस्थेत कुणाला सांगितलं नाही. मंगलताईनं वर्षभर टिंगल केली असती. तीन वर्षं कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण दिवसा त्याचा उपद्रवच नव्हता. गेल्या तीन दिवसांत गोरखनं तो नियम वीसदा वाचला असेल. प्रत्येक वेळी मनात म्हणाला, हा रात्रीचा, आणि बोट पुढं सरकवलं.

आता पेटीत कायमची रात्र होती. खरी वेळ काय, हे विचारायलाही पेटीला बाहेर जावं लागतं; तेही सतराव्या नियमात अडकलेलं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्याला सगळ्यात शेवटी कळली. पेटी रात्रभर चालू राहिली की तिच्या हिशेबानं पहाटेचे सहा वाजून जात. सोमवारी सकाळी आठला, आणि आज सकाळी आठला, दार उघडंच होतं. तो येत होता, आणि पहिल्यांदा पेटी बंद करून चालू करत होता.

"भाऊ? आहात ना?" अंकितनं विचारलं.

"हाय," गोरख म्हणाला. "मीच लावलेली कडी हाय ही. मीच लावली."

त्यानं सतरावा नियम काढला. घाईत 'जतन करा'वर बोट दोनदा चुकलं. मग हाक मारली. क्षणभर काही नाही, आणि मग पडद्यावर अडतीस पाकिटांची यादी वरून खाली सरसर उतरली. तीन पंचावन्न झाले होते.

तेवढ्यात उगमबाई चहा घेऊन वर आल्या. कपाळावर हात मारल्याचा आवाज खालपर्यंत गेला होता म्हणे. गोरखनं काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्या कप टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मी रातचं म्हणलं व्हतं. भर दुपारी अडवायला मी काय येडी हाय? अन् देऊ नये म्हणलं व्हतं, आणू नये असं कवा म्हणलं? आपलंच आपण आणायला गेलं तर दिवे लागले काय अन् न लागले काय." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बशीत चहा ओतून बशी त्याच्या हातात दिली.

पहिलं पाकीट यायला पाच मिनिटं लागली. अंकितनं हिशेब केला. "दोन तासांत पंचवीस येतील. फार तर सव्वीस. अडतीस काही होणार नाहीत, भाऊ."

"एक तास वाढवून द्या. तुमच्या पाया पडतो."

"माझ्या हातात असतं तर दिला असता. सहाला आपोआप बंद होतं. कुठली आधी हवीत ते ठरवा, लवकर."

गोरखनं मंगलताईला फोन लावला. ती पहिल्यांदा ओरडली, मग रडली, मग विचारलं, "किती येत्याल?"

"पंचवीस."

"मंग जे मेल्यात त्यांचे आधी घ्या," ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता. "जित्त्यांचे पुन्हा घेता येत्याल. मेलेल्यांना कुठून आणू मी?"

आणि ती नावं सांगायला लागली. वाडीवार, कागद न बघता. कोण आषाढात गेला, कोण जुन्नरच्या दवाखान्यात, कोण पडवीत बसल्या बसल्या. गोरख एकेक नाव शोधून वरच्या बाजूला आणत गेला. सतरा नावं झाली. मंगलताईनं भागूचं नाव पहिलं सांगितलं होतं; गोरखनं ते सतरावं ठेवलं. आपल्या बापाला रांगेत पुढं घातलं असं कुणी म्हणायला नको, आणि स्वतःलाही तसं वाटायला नको. भागूचं पाकीट पाच वीसला उतरलं तेव्हा त्यानं पडद्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. पुढचं पाकीट चालू झालं होतं.

मग जिवंत माणसं. मंगलताईनं वयानं आणि दुखण्यानं क्रम लावला. खोकणारे आधी, काठीवाले नंतर. "अमृतबाबा शेवटी," ती म्हणाली. "त्यो अजून घोड्यावानी हाय. गेल्या म्हयन्यात हिरड्याचं पोतं पाठीवर घिऊन खाली आला व्हता. त्यो आपल्याला पोचवंल."

बरोबर सहा वाजता सव्विसावं पाकीट अर्ध्यावर असताना यादी पुसली गेली. पडदा कोरा. पंचवीस आले होते. तेरा राहिले.

"बघा आता" हे शब्द गोरखच्या तोंडाशी आले असतील, नसतील. ते तिथंच राहिले. मिनिटभरानं अंकितचाच फोन आला. "भाऊ, पंचवीस आले."

बुधवार-गुरुवार दोघं डोंगरात होती. गोरखच्या मोटारसायकलवर मंगलताई मागे बसून, मांडीवर कागदांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. भात पोटरीला आलेलं, वाटेत तेरडा फुललेला, पायाखाली शेवाळ. त्यांना दिसत होती ती फक्त उरलेली नावं. बुधवारी नऊ जबाब पुन्हा झाले. गुरुवारी दुपारपर्यंत आणखी तीन. बारावा प्रयागबाईचा. तिला पुन्हा का सांगायचं हे समजल्यावर ती सुपातली वरई पाखडायची थांबली.

"मंजी मी मेले असते तर माझा नंबर आधी लागला असता?"

"तसं न्हाई, आजी," मंगलताई म्हणाली.

"तसंच हाय की. जगून लई चूक केली मी." आणि हसत हसत तिनं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जास्तच. कुणाच्या बैलाचं नाव काय होतं तेसुद्धा.

मग गोरख म्हणाला, "आता अमृतबाबा, की झालं."

प्रयागबाईचं हसू थांबलं. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई? आठ दिस झालं. तोंड वाकडं झालंय त्याचं. शबूद फुटत न्हाई."

वाडीत मोबाइल लागत नव्हता. सांगणार कोण, आणि कुणाला.

अमृतबाबा पडवीत बाजेवर होता. उजवं अंग लुळं, ओठ एका बाजूला ओघळलेला. सून चमच्यानं पेज भरवत होती, ती निम्मी गळ्यावर येत होती. सात घरांचे दावे त्याच्या एकट्याच्या जबाबावर उभे होते, कारण त्या वरच्या माळाचं जुनं माहीत असलेलं दुसरं कुणी आता वाडीत नव्हतं. गोरख बाजेपाशी खाली बसला. काय झालं ते त्याला सांगायचं होतं, म्हणून सांगायला लागला: पेटी, घड्याळ, नियम. ते कुणालाच समजण्यासारखं नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचा शबूद माझ्यापाशी व्हता. मी घालवला."

म्हाताऱ्याचा डावा हात बाजेवरून उठला आणि माळाकडे वळला. सून म्हणाली, "त्येंला भाईर जायचं असंल." हात तसाच वर होता. तो माळाकडेच दाखवत होता.

वाडीतल्या तीन गड्यांनी आणि गोरखनं त्याला घोंगडीच्या डोलीत घातलं आणि वर नेलं. पुढच्या बाजूला गोरख होता, मागोमाग सून. माळाच्या टोकाला खडकाला टेकवून बसवलं. मंगलताईनं सातांतल्या पहिल्या घराचा, गोविंदाचा, कागद काढला. "बाबा, गोविंदाच्या आज्याचं खाचर कुठून कुठं?" डावा हात हलला. हिरड्याच्या जुन्या झाडापासून, खाली दगडी तालीपर्यंत, म्हणजे खाचराच्या बांधापर्यंत. मंगलताईनं विचारलं, "इथवर?" हात पुढं सरकला. आणखी थोडं. मग थांबला, आणि मान हलली.

मंगलताईनं लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. "गोरखभाऊ, उद्या साहेबांनी इचारलं, हा बोलला का, तर काय सांगायचं?"

उत्तर प्रयागबाईनं दिलं. ती काठी टेकत मागोमाग वर आली होती. "ल्ही की. हात दावला असं ल्ही. आमी चौघं बघतोय, आमचे अंगठे घे. तोंड ग्येलं म्हणून मानूस खोटा झाला व्हय?"

मंगलताईनं लिहिलं. एक घर, दुसरं घर, तिसरं. गोरख मोबाइल दोन्ही हातांनी धरून त्या हाताचं चित्रण करत होता. सहा घरं झाली. सातव्याला खालून धुकं चढलं आणि सगळा माळ झाकून गेला. ताल दिसेना, हिरडा दिसेना, समोरचा माणूसही धूसर झाला.

"खाली घ्या बाबाला, गारठा लागंल," सून म्हणाली.

म्हाताऱ्याचा हात खाली येईना. त्याच्या मनगटाला कापरं भरलं होतं. गोरखनं एका हातात मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या कोपराखाली आधाराला दिला. धुकं हलेपर्यंत दोघंही तसेच राहिले.